५५ हजारांचा पीएस५ की ८० हजारांचा पीसी? नागपुरात बसून हिशोब केला तर काय निघतं?

१९ नोव्हेंबर २०२६. जीटीए ६ येण्याची ही सध्याची तारीख. ‘सध्याची’ म्हणायचं कारण असं की रॉकस्टार कंपनीने आधी २०२५ चा शेवट सांगितला होता, मग २६ मे २०२६ सांगितली आणि मग ही. तारीख पुढे जात राहिली तरी एक गोष्ट बदललेली नाही. हा गेम फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या कन्सोलवर येणार आहे. पीसीवर कधी येणार, याची तारीखच जाहीर झालेली नाही.

झालं. तेव्हापासून ग्रुपवर दर चार दिवसांनी कुणीतरी विचारतोच, “अबे, पीएस५ घेऊ का पीसी बनवू?”

आणि खाली दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, कन्सोल घे, पंचावन्न हजारांत विषय संपतो. दुसरी म्हणते, कन्सोल म्हणजे खेळणं, पीसीवर गेम फुकटात पडतात. गंमत म्हणजे दोघांचंही अर्धं खरं आहे. डब्याची किंमत आणि खेळायचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भांडण नेहमी डब्याच्या किमतीवरच अडतं.

म्हणून म्हटलं, एकदा कागद-पेन घेऊन बसू. तेही मुंबई-बंगळुरूचा नाही, नागपूरचा हिशोब. नागपूरचाच का, ते पुढे उन्हाळा आला की कळेल.

आधी डबा

पीएस५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला. तेव्हा डिस्कवाल्या पीएस५ ची किंमत होती ४९,९९० रुपये आणि बिनडिस्कच्या डिजिटल एडिशनची ३९,९९०. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोनीने दोन्हींवर पाच-पाच हजार वाढवले. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम मॉडेल आलं तेही त्याच वाढलेल्या भावात, म्हणजे ५४,९९० आणि ४४,९९०. दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सेलमध्ये अधूनमधून चार-पाच हजार कमी होतात, पण आपण ५४,९९० धरू.

आता पीसी. नागपुरात असेंबल पीसी म्हटलं की पावलं आपोआप बर्डीकडे वळतात. सीताबर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये दोन-तीन दुकानं फिरायची, प्रत्येकाकडून कोटेशन घ्यायचं आणि एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवून शे-पाचशे कमी करून घ्यायचे, ही इथली जुनी पद्धत आहे. २०२५ च्या मध्यापर्यंतचे भाव ढोबळमानाने धरले, तर पीएस५ च्या आसपास चालेल असा पीसी असा पडायचा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर ११ हजार, मदरबोर्ड ८ हजार, १६ जीबी रॅम साडेतीन हजार, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड २८ हजार, १ टीबी एसएसडी साडेपाच हजार, बरा एसएमपीएस साडेचार हजार, कॅबिनेट साडेतीन हजार.

झाले ६४ हजार. पण हा नुसता डबा आहे. मॉनिटर दहा हजार, कीबोर्ड-माउस दोन हजार, यूपीएस चार हजार. आकडा ८० हजारांवर गेला. यात विंडोजचं ओरिजिनल लायसन्स धरलेलंच नाही. ते कोटेशनमध्ये जवळपास कधीच नसतं. का नसतं, ते तुम्हालाही माहीत आहे आणि दुकानदारालाही.

म्हणजे पहिल्या फेरीत कन्सोल २५ हजारांनी स्वस्त. अर्थात घरात टीव्ही आहे हे गृहीत धरून. आणि घरातल्या टीव्हीवर संध्याकाळी सात ते दहा तुमचा हक्क आहे, हेही गृहीत धरून.

टॅक्स कन्सोलवर जास्त, तरी कन्सोल स्वस्त कसा?

हे जरा नीट बघण्यासारखं आहे. भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली. त्यामुळे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड अशा कॉम्प्युटरच्या भागांवर मूळ आयात शुल्क शून्य आहे. कन्सोल मात्र सरकारच्या यादीत कॉम्प्युटर नाही. तो ‘खेळ’ या गटात येतो, कॅरम-बिलियर्डच्या शेजारी. त्यावरचं आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० वरून २० टक्के झालं. त्यावर अधिभार आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटी तर आधी २८ टक्के होता, २०१९ च्या सुरुवातीपासून १८ झाला.

साधा हिशोब करा. १०० रुपयांचं ग्राफिक्स कार्ड बंदरावर उतरून जीएसटी लागल्यावर ११८ चं होतं. १०० रुपयांचा कन्सोल तेवढ्याच प्रवासात जवळपास १४४ चा होतो.

तरीही कन्सोल स्वस्त, कारण कंपनी डब्यावर कमवतच नाही. पीएस५ सुरुवातीला सोनी तोट्यात विकत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने सांगितलं की डिस्कवालं मॉडेल आता तोट्यात नाही. कमाई पुढे आहे. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या गेमवर साधारण ३० टक्के वाटा, वर ऑनलाइन खेळायची वर्गणी, वर जादा कंट्रोलर. एकदा डबा घरात आला की तुम्ही त्याच दुकानाचे गिऱ्हाईक. पीसीवर स्टीमही ३० टक्के घेतं, पण तिथे दुसरं दुकान उघडं असतं. स्टीमवर महाग वाटलं तर एपिक, नाहीतर गॉग.

गेमचा खर्च, म्हणजे खरा खर्च

पीएस४ च्या काळात मोठा गेम ३,९९९ ला यायचा. पीएस५ वर सोनीचे मोठे गेम ४,९९९ वर गेले. पाच हजार रुपये! नागपुरात एका खोलीच्या भाड्यात दोन मित्र राहत असतील, तर एकाच्या वाट्याला महिन्याला जवळपास एवढेच येतात.

पीसीवर चित्र वेगळं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयांत किमती लावायला सुरुवात केली. त्याआधी डॉलरमध्ये पैसे द्यायचे आणि क्रेडिट कार्ड बाबांचं. रुपयात आल्यावर बऱ्याच गेमच्या किमती नुसत्या डॉलरचा गुणाकार राहिल्या नाहीत. सायबरपंक २०७७ स्टीमवर २,९९९ ला आहे आणि सेलमध्ये निम्म्याच्याही खाली जातो. उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा सेल तर ठरलेलेच. एक वर्ष थांबायची तयारी असेल, तर बहुतेक मोठे गेम पीसीवर हजार-दीड हजारात मिळतात. एपिकचं दुकान तर २०१८ च्या शेवटापासून फुकट गेम वाटतंय. मे २०२०, लॉकडाऊन, सगळी पोरं घरी आणि एपिकने जीटीए ५ एक आठवडा फुकट दिला. एवढी गर्दी झाली की त्यांची साइटच बसली. आजही कित्येकांच्या एपिक अकाउंटवर तेवढा एकच मोठा गेम आहे.

पण थांबा, कन्सोलकडे एक हत्यार आहे आणि ते पीसीवाल्यांकडे नाही: डिस्क.

पाच हजाराचा गेम घेतला, महिनाभरात संपवला, तीन हजारांना ग्रुपवर किंवा ओएलएक्सवर विकला. खरा खर्च दोन हजार. चार मित्रांत मिळून एक डिस्क घेतली, तर त्याहूनही कमी. पीसीवर घेतलेला गेम मात्र अकाउंटला चिकटतो. आवडला नाही तर दोन तासांच्या आत स्टीमला परत करता येतो, विकता कधीच येत नाही. म्हणून दहा हजार वाचवायला डिजिटल एडिशन घेणारे मला कधी कळत नाहीत. त्या दहा हजारांत तुम्ही डिस्क विकायचा हक्कच विकून टाकता. चार-पाच डिस्क फिरवल्या की फरक वसूल होतो.

मग ऑनलाइनची वर्गणी. पीएस५ वर फोर्टनाइटसारखे फुकट गेम सोडले, तर मित्रांसोबत ऑनलाइन खेळायला पीएस प्लस लागतं. सगळ्यात स्वस्त इसेन्शियलचा वर्षाचा प्लॅन आधी २,९९९ ला होता, सप्टेंबर २०२३ मध्ये तो ३,९४९ झाला. त्यात दर महिन्याला काही गेम मिळतात, हे मान्य. पण वर्गणी बंद केली की तेही बंद. पीसीवर ऑनलाइन खेळायला इंटरनेटच्या बिलापलीकडे काही लागत नाही.

पायरेटेड गेमचं काय, असं कुणीतरी विचारणारच. आपल्याकडे पीसी एवढा रुजला त्यामागे ते मोठं कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकातल्या पोरांकडे समुराई किंवा लिटिल मास्टरचे टीव्ही व्हिडिओगेम होते, ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटवाले. प्रत्यक्षात गेम सात-आठ. त्यांच्या धाकट्या भावांनी चिप बसवलेला पीएस२ आणि फुटपाथवरच्या डीव्हीडी पाहिल्या. मग पीसीवर क्रॅक आले. या हिशोबात मी ते धरत नाही. चोरीचा भाव शून्यच असतो, तुलना कशाशी करणार? आणि क्रॅकसोबत आलेल्या व्हायरसने फोटोंसकट हार्ड डिस्क गेल्याच्या कहाण्या प्रत्येक हॉस्टेलमध्ये आहेत.

आता नागपूरचा उन्हाळा

पीएस५ सोबत सूचनांचा एक कागद येतो. कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की हे यंत्र ५ ते ३५ अंश तापमानात वापरावं.

३५ अंश! नागपुरात मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्लॅबखालच्या खोलीत ३५ असलं तर लोक म्हणतात, आज बरं वाटून राहिलं. दुपारी बाहेर ४५ म्हणजे रोजचंच. ३० मे २०२४ ला तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण खरं सांगा, त्या दिवशी नागपुरात किती जणांना तो आकडा खोटा वाटला?

यंत्र थंड ठेवायचं म्हणजे आतली उष्णता बाहेरच्या हवेत फेकायची. बाहेरची हवाच चाळिशीची असेल, तर पंखे कितीही ओरडले तरी आतला भाग त्याच्या खाली जाऊ शकत नाही. मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतात. गेम अडखळायला लागतो. कन्सोलमध्ये तुम्ही फार काही करू शकत नाही. टीव्हीच्या बंद कपाटातून बाहेर काढा, मागे हात-दीड हात जागा सोडा, धूळ झटका. पीसीत कॅबिनेटची बाजू उघडता येते, हजार रुपयांत दोन पंखे वाढवता येतात, सेटिंग कमी करता येते. नागपूरसाठी पीसीच्या बाजूने हा एक खरा मुद्दा आहे.

कुलरचं मात्र दोघांनाही सारखंच. आपल्या घरातला कुलर खोली थंड करतो, पण ओली हवा फेकतो. कुलरच्या तोंडासमोर पीसी ठेवणं म्हणजे धूळ आणि ओल यांचा लेप आत थापणं. कुलर चालू असलेल्या खोलीत, पण त्याच्या धारेत नाही, एवढं सांभाळावं लागतं.

माझा स्वतःचा पहिला पीसी उन्हाळ्यानेच घेतला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी बनवला होता. बजेट कमी पडत होतं म्हणून कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस तसाच ठेवला. पहिल्याच मे महिन्यात दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली आणि पुन्हा आली. फट् असा आवाज आला आणि जळक्या वासाने घर भरलं. एसएमपीएस गेला तो मदरबोर्डला घेऊन. चार हजार वाचवले होते, अकरा हजार गेले. आईने फक्त एवढंच विचारलं, “अभ्यासाचा कॉम्प्युटर दुपारी कशाला चालू होता?” तेव्हापासून कोटेशन हातात आलं की मी ग्राफिक्स कार्डच्या आधी एसएमपीएसची ओळ वाचतो.

विजेच्या बिलाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. पीसी बिल फाडतो, असं घरोघरी म्हणतात. आकडे बघा. पीएस५ मोठा गेम चालवताना साधारण २०० वॅट खातो, ४३ इंची टीव्ही ८० ते १००. आपल्या ८० हजारांच्या पीसीत आरटीएक्स ४०६० ची कमाल मर्यादा ११५ वॅट, प्रोसेसरची ६५, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ आणि मॉनिटर पंचवीसेक. म्हणजे दोन्हीकडे २५० ते ३०० वॅट. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला पंचवीस-सत्तावीस युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिट ओलांडले की दर जवळपास दुप्पट होतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्याला वहन आकार धरून साडेअकरा रुपयांच्या आसपास पडत होते. म्हणजे गेमिंगचे महिन्याला तीनशे-साडेतीनशे, पीसी असो की कन्सोल. बिल फाडतो तो एसी. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो आणि यंत्र ३५ च्या खाली ठेवायला तो लावलात, तर खर्च गेमचा नाही, हवेचा आहे.

घरी विचारायचं कसं?

हिशोबातली सगळ्यात मोठी ओळ कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. पैसे कोण देणार?

“बाबा, पीएस५ पाहिजे” या वाक्याला नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात एकच उत्तर आहे आणि ते तुम्हाला पाठ आहे. “बाबा, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर लागतो” या वाक्याला मात्र सातव्या वेतन आयोगाची थकबाकी बाहेर येऊ शकते. ही चलाखी नाही, निदान पूर्ण चलाखी नाही. कोडिंग, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, प्रोजेक्टचा रिपोर्ट, सगळं त्याच यंत्रावर होतं. ज्याला कॉम्प्युटर तसाही लागणारच आहे, त्याने साधा लॅपटॉप ४० हजारांना आणि वर कन्सोल ५५ हजारांना घेतला, तर ९५ हजार झाले. ८० हजारांचा पीसी इथे सरळ स्वस्त पडतो.

पण मग चौथं वर्ष संपतं आणि नोकरी लागते पुण्यात. ज्यांनी कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएस घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नागपूर-पुणे प्रवास केलाय, त्यांना मी वेगळं काय सांगणार? डिक्कीत टाकायचा तर जीव वर-खाली, मांडीवर घ्यायचा तर पाय जातात. कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून सॅकमध्ये जातो. म्हणून बाहेर जायचं नक्की असलेली पोरं गेमिंग लॅपटॉप घेतात. त्याच पैशात ताकद डेस्कटॉपपेक्षा कमी, तापतो जास्त आणि ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येत नाही. पण अभ्यास, खेळ आणि बदली या तिन्हींत बसणारी वस्तू तेवढीच आहे.

ज्याला नोकरी लागलीय, ऑफिसचा लॅपटॉप आहे, घरी टीव्ही आहे आणि शनिवार-रविवारच खेळायला वेळ मिळतो, त्याने पीसीच्या भानगडीत का पडावं, हे मला तरी समजत नाही. ड्रायव्हर अपडेट, सेटिंग, ‘माझ्याकडे का अडकतोय’ यातच त्याचा शनिवार जाईल.

पाच वर्षांचा हिशोब

धरून चला की वर्षाला तीन मोठे गेम, पाच वर्षांत पंधरा.

कन्सोल: डबा ५४,९९०, दुसरा कंट्रोलर सहा हजार, पीएस प्लस पाच वर्षं १९,७४५, सगळे गेम नवेकोरे घेऊन ठेवून दिले तर ७४,९८५. बेरीज १ लाख ५५ हजार ७२०. आता तोच माणूस शहाणा निघाला, डिस्क फिरवल्या, प्रत्येक गेम सरासरी अडीच हजारांत पडला आणि ऑनलाइन वर्गणी घेतलीच नाही, तर ९८ हजार ४९०.

पीसी: ८० हजार. सेलची वाट बघून दीड हजाराने गेम घेतले तर २२,५००. बेरीज १ लाख अडीच हजार. पण ज्याला प्रत्येक गेम पहिल्याच दिवशी चार हजारांना हवा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पंचवीस हजारांचं नवं ग्राफिक्स कार्डही हवं, त्याची बेरीज १ लाख ६५ हजार.

बघितलंत? दोन्हीकडे खालचा आकडा लाखाच्या आसपास आणि वरचा दीड लाखाच्या पुढे. यंत्र बदलून फरक पडला पाच-दहा हजारांचा. सवय बदलून पडला पन्नास-साठ हजारांचा. ग्रुपवरचं भांडण जिथे चाललंय, तिथे पैसे नाहीतच.

आणि जो पोरगा फक्त व्हॅलोरंट खेळतो त्याचं काय? त्याला ग्राफिक्स कार्डच लागत नाही. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिक्सवर तो गेम मजेत चालतो. गेम फुकट, ऑनलाइन फुकट. पस्तीस-चाळीस हजारांत त्याचं काम होतं. त्याला ८० हजारांचं कोटेशन देणारा दुकानदार त्याच्या फायद्याचं बोलत नाहीये.

पण सध्या एक घोळ झालाय

वरचे पीसीचे भाव मी मुद्दाम २०२५ च्या मध्यापर्यंतचे घेतले. त्यानंतर रॅमचं गणित बिघडलं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप एवढ्या लागायला लागल्या की कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. या ब्रँडची रॅम आणि एसएसडी बर्डीत कित्येक पीसींत बसलेली आहे. एसएसडीलाही त्याच चिपांचा चटका बसतो.

असं आधीही झालंय. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्ड दुप्पट भावाने विकले जात होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि मायनिंगमध्ये राबलेली कार्डं जुन्या बाजारात धो-धो आली. त्यामुळे आज जुनं कार्ड घेत असाल, तर बिल आणि शिल्लक वॉरंटी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्डला सहसा तीन वर्षं वॉरंटी असते, पीएस५ ला एकच वर्ष. आणि परदेशातून कुणी आणलेला ‘स्वस्त’ कन्सोल घेतलात, तर इथे तीही लागू होत नाही.

कन्सोलही यातून सुटलेले नाहीत, त्यांच्याही आत मेमरीच आहे. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. या पिढीत उलटं झालं. अमेरिकेत २०२५ मध्ये एक्सबॉक्सचे भाव दोनदा वाढले आणि ऑगस्टमध्ये पीएस५ चेही. म्हणजे ‘थोडं थांबू, उतरेल’ हा जुना सल्ला आता डोळे झाकून देता येत नाही.

मग जीटीए ६ साठी काय करायचं?

रॉकस्टारचा इतिहास बघा. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर ऑक्टोबर २०१८, पीसीवर नोव्हेंबर २०१९. एकदा १९ महिने, एकदा १३. या वेळीही तसंच झालं, तर पीसीवाल्यांना २०२७ च्या शेवटापर्यंत किंवा त्याच्याही पुढे थांबावं लागेल.

ज्याच्याकडे आधीच बरा पीसी आहे, त्याने फक्त या एका गेमसाठी ५५ हजार घालू नयेत. ५५ हजार भागिले एक गेम, हा भाव कुठल्याही हिशोबात बसत नाही. मित्राच्या घरी जा, वडापाव तुम्ही न्या. ज्याच्याकडे काहीच नाही आणि कॉम्प्युटरही लागणार नाही, त्याने डिस्कवाला पीएस५ बघावा, पण आज नाही. दोनदा पुढे गेलेली तारीख तिसऱ्यांदाही जाऊ शकते आणि डबा घरी पडून राहिला तरी वॉरंटीचं एक वर्ष चालूच राहतं. सेल दिसला आणि गेमची तारीख महिना-दोन महिन्यांवर आली की घ्या.

आणि पीसीच बनवणार असाल तर बर्डीला जाताना तीन गोष्टी विचारा. एसएमपीएस कुठला आणि त्याला वॉरंटी किती? एखादा पार्ट बिघडला तर आरएमएला दुकान पाठवणार की तुम्हालाच कुरिअर करावा लागणार? आणि प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर असलेलं पक्कं जीएसटी बिल मिळणार का? तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार “बिल नको असेल तर दोन-तीन हजार कमी करतो” म्हणाला, तर हसून पुढच्या दुकानात जा. गल्लीत दुकानं भरपूर आहेत.